मठाधिपती ग्रेगोर मेंडेल

रोग्याच्या शय्येशेजारीं उभें राहतांच ज्यांचें अंतःकरण इतकें विव्हळ होई कीं ते स्वतःच आजारी पडले, अशा एका तरुण धर्मगुरूस त्यांच्या मठाधिपतींनीं धर्मग्रामाच्या सेवेंतून मोकळें केलें व १८४९ सालीं झ्नाइम गांवीं शिक्षक म्हणून धाडलें. आम्हां धर्मगुरूंस ही मोठीच उणीव वाटेल. परंतु ह्याच ग्रेगोर मेंडेल ह्यांच्यामुळें पुढें अनेक रोगांचें मूळ मनुष्यास उमगलें.

त्यांचा जन्म १८२२ सालीं सायलेशिया प्रांतांत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. शिक्षणास पैसा पुरेना, तेव्हां धाकटी बहीण तेरेसिया हिनें आपल्या विवाहासाठीं राखलेल्या द्रव्यांतील वांटा भावास दिला. १८४३ सालीं ते ब्रनो येथील संत थॉमस मठांत, आगुस्तीनियन संघांत, दाखल झाले व १८४७ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. शिक्षकाच्या परीक्षेंत मात्र त्यांस कधींच यश आलें नाहीं.

१८५६ पासून सुमारें आठ वर्षें त्यांनीं मठाच्या बागेंत वाटाणा लाविला. कळी उमलण्यापूर्वींच चिमट्यानें पुंकेसर काढावे, दुसऱ्या झाडाचा पराग घालावा, आणि शेंगा आल्या कीं दाणे मोजावे! गुळगुळीत व सुरकुतलेल्या दाण्यांचा संकर केला, तेव्हां पहिल्या पिढींत सुरकुती नाहींशी झाली. दुसऱ्या पिढींत ती परतली: ७,३२४ दाण्यांपैकीं ५,४७४ गुळगुळीत, १,८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. ह्यावरून त्यांनीं ताडिलें कीं, प्रत्येक गुणाचे दोन अंश असतात, एक पित्याकडून व एक मातेकडून आलेला. अप्रभावी अंश झांकला जातो, नष्ट होत नाहीं.

हा निबंध त्यांनीं १८६५ सालीं वाचला व १८६६ सालीं तो छापला गेला. पण कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. १८६८ सालीं ते मठाधिपती झाले आणि उत्तरायुष्य कराच्या तंट्यांत गेलें. बहिणीचें ऋण ते विसरले नाहींत. तिच्या तिघां मुलांच्या शिक्षणास त्यांनीं हातभार लाविला, व त्यांतील दोघे डॉक्टर झाले. ६ जानेवारी १८८४ रोजीं ते निवर्तले. १९०० सालीं तीन देशांतील शास्त्रज्ञांनीं तो निबंध पुन्हां उजेडांत आणिला.

बीजपेशी बनतांना पेशीचें जें विभाजन होतें, त्यांत गुणसूत्रांच्या जोड्या फुटून प्रत्येक बीजांत एकेकच जातें, हाच मेंडेल ह्यांचा नियम, असें वॉल्टर सटन ह्यांनीं १९०२-०३ सालीं दाखविलें. त्याच सुमारास इंग्रज वैद्य आर्चिबाल्ड गॅरड ह्यांस मूत्र काळें पडण्याच्या एका जन्मजात विकारांत, रोग्यांचे आईबाप पुष्कळदां चुलत-मावस भावंडें असल्याचें आढळलें. मामाच्या मुलीशीं विवाहास सूट मागावयास येणाऱ्यांनीं हें ध्यानीं घ्यावें. आपल्याकडे नंदुरबार व गडचिरोलींतील आदिवासी बांधवांत आढळणारा सिकलसेल हा ह्याच रीतीचा रोग होय. त्यांत रक्तपेशी विळ्यासारख्या वांकतात. असें मूल जन्मलें कीं सुनेस बोल लावणारीं घरें मीं पाहिलीं आहेत. वस्तुतः रोगाचा अर्धा अंश पित्याचाच असतो. दोघेही धडधाकट, पण दोघांच्या ठायीं तो लपलेला असेल, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक. एक मूल आजारी झालें म्हणून पुढचीं तीन सुटलीं असें नव्हे. प्रत्येक वेळीं हिशेब नव्यानें सुरू होतो.