पगडी आणि पादत्राणे

षड्रिपूंमध्ये मत्सर शेवटी मोजला जातो. पण जिंकायला तोच सर्वांत कठीण. क्रोध निदान दिसतो तरी, मत्सर मनाच्या कोपऱ्यात दडून बसतो. शेजाऱ्याचे ताट पाहिले की आपले भरलेले ताटही रिकामे वाटू लागते. यावर उपाय आहे काय?

उज्जैनच्या उत्तरेस क्षिप्रेकाठी भैरवगढ आहे. तेथील काळभैरवाच्या मस्तकी शिंदेशाही पगडी असते. परंपरा सांगते की, पानिपतानंतर महादजी शिंदे यांनी आपली पगडी या देवापुढे ठेवून यश मागितले आणि यश येताच मंदिराचा जीर्णोद्धार केला. पगडी म्हणजे माणसाचा मान. तो मानच त्यांनी आधी देवाच्या स्वाधीन केला.

महादजींना जळायला कारणे थोडी नव्हती. राणोजींचे ते पुत्र, पण लग्नाच्या पत्नीचे नव्हेत. नागोर, बुराडी आणि पानिपत येथे भाऊ-पुतणे गेले. स्वतःचा पाय जन्माचा अधू झाला. तरीही सरदारकीसाठी १७६८ पर्यंत झगडावे लागले. पण त्यांनी काय मिळाले नाही याचा हिशेब न ठेवता, कोणी काय दिले ते ध्यानात ठेवले.

पानिपतावर जखमी महादजींना राणेखान नावाच्या भिश्त्याने बैलावर घालून वाचवले. महादजींनी त्याला भाऊ मानले व सरदार केले. १७८८ साली दिल्ली सोडवणाऱ्या फौजेचा सेनापती हाच राणेखान होता. हाताखालचा माणूस वाढलेला किती जणांना सोसतो, हे आपण आपल्याच मनाला विचारावे.

१७९२ साली महादजी पुण्यास आले, तेव्हा उत्तर हिंदुस्थान त्यांच्या शब्दावर चालत होता. तरी दरबारात ते सर्वांच्या खाली बसले आणि पेशव्यांपुढे नवी पादत्राणे ठेवून जुनी काखेत घेतली, असे इतिहासकार लिहितात. वडिलांनी पेशव्यांच्या पायाशी केलेली सेवा ते विसरले नव्हते. कोणी यात राजकारण पाहतील, तेही असेल. पण पाटील हे बिरुद त्यांनी अखेरपर्यंत टाकले नाही.

मग मत्सर संपला काय? नाही. १७७९ साली वडगावला इंग्रजांना नमवताना महादजी व तुकोजी होळकर एकत्र लढले होते. त्याच दोन घराण्यांच्या फौजा जून १७९३ मध्ये लाखेरीस एकमेकींवर तुटून पडल्या. पुढे आठ महिन्यांनी, १२ फेब्रुवारी १७९४ रोजी, महादजी पुण्याजवळ वानवडीस निवर्तले. समेटाला वेळ उरला नव्हता.

वाचकहो, वरच्याचे उपकार स्मरणे सोपे, खालच्याचेही एक वेळ जमते. खरी कसोटी बरोबरीच्या माणसापाशी. तुम्हांला ज्याचा हेवा वाटतो, त्याने कधीतरी तुम्हांला दिलेला हात आज निजण्यापूर्वी आठवा. आपली पगडी देवापुढे ठेवा. मग त्याच्याकडे जा. वेळ आहे तोवरच जा.