बरणीबंद टोमॅटो आणि निकोला अपेर

नाशिकचा टोमॅटो कसारा घाट उतरून शहापूरमार्गे मुंबईला जातो, तर नारायणगावचा माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे. भाव कोसळला की तो मातीमोल विकला जातो. मग पावसाळ्यासाठी सॉस करून ठेवावा, असं अनेकींच्या मनात येतं. सॉस उकळायचा, धुतलेल्या बरणीत भरायचा आणि झाकण घट्ट लावून फळीवर ठेवायचा, ही आपली नेहमीची रीत. पण ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी रीत दोनशे वर्षांपूर्वी निकोला अपेर या फ्रेंच माणसाने शोधून काढली.

अपेरचा जन्म १७४९ सालचा, शॅम्पेन प्रांतातल्या शालोन गावचा. वडील खानावळ चालवत. मद्य गाळणं, लोणची घालणं, स्वयंपाक करणं हे सगळं तो घरीच शिकला. पुढे त्याने एका जर्मन सरदाराच्या मुदपाकखान्यात नोकरी केली आणि १७८४ च्या सुमारास पॅरिसमध्ये मिठाईचं दुकान थाटलं. फ्रेंच राज्यक्रांतीत तो उत्साहाने उतरला, तरी १७९४ मध्ये त्याला काही महिने तुरुंगात काढावे लागले. सुटून आल्यावर त्याने एकच ध्यास घेतला: मीठ, साखर किंवा व्हिनेगरचा भडिमार न करता अन्न टिकवायचं कसं?

शॅम्पेनच्या जाड काचेच्या बाटल्या त्याच्या ओळखीच्या होत्या. रुंद तोंडाच्या बाटलीत अन्न भरून तो बूच ठोकून बसवी, तारेने आवळी आणि मग ती बंद बाटली कापडात गुंडाळून पाण्याच्या कढईत उकळी. बाटली आधी बंद करायची आणि मग उकळायची, या क्रमातच सगळं मर्म होतं. पॅरिसजवळच्या मास्सी गावी त्याने कारखाना काढला. फ्रेंच आरमाराने त्याच्या बाटल्या जहाजांवर तपासून पाहिल्या.

१८१० मध्ये सरकारने त्याला १२,००० फ्रँक देऊ केले. अट एकच, पद्धत छापून सर्वांसाठी खुली करायची. पेटंटवर पाणी सोडून अपेरने पुस्तक लिहिलं. त्यात टोमॅटोही आहेत. पिकलेले टोमॅटो शिजवून, चाळणीतून गाळून, आटवून बाटलीत भरायचे आणि ती बंद बाटली उकळायची. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्यांचं पेटंट दुसऱ्याच्या नावावर झालं. १८१४ च्या युद्धात शत्रुसैन्याने त्याच्या कारखान्याची नासधूस केली. १८२२ मध्ये त्याला मानवतेचा उपकारकर्ता ही पदवी मिळाली, पण पैसा टिकला नाही. १८४१ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी तो गरिबीत वारला. त्याला सामायिक कबरीत पुरलं.

अन्न का टिकतं, हे मात्र त्याला उमगलं नव्हतं. तो हवेला दोष देत राहिला. खरे दोषी सूक्ष्मजीव, हे पाश्चरने पुढे दाखवलं. त्यातला क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम सर्वांत घातक. त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. बंद, हवाविरहित बरणी तर त्यांना मानवतेच. त्यांना रोखतं ते आंबटपण. पीएच ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर ते वाढत नाहीत. टोमॅटो या रेषेच्या अगदी काठावर असतो आणि काही टोमॅटो ती ओलांडतात.

म्हणून सॉस करताना एक लिटरच्या बरणीत अर्धा लहान चमचा सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूफूल, घाला. वर बोटभर जागा सोडा. बरणी उष्णता सोसणारी आणि झाकण नवं हवं. बंद बरणी पूर्ण पाण्यात बुडवून, पाणी खळखळू लागल्यापासून ४० मिनिटं उकळा. ही रीत फक्त साध्या सॉससाठी आहे. कांदा, लसूण किंवा तेल घातलेला सॉस फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा.

झाकण फुगलं असेल किंवा उघडताना फेस आला, तर चव न घेता फेकून द्या. हे विष वास किंवा चवीने कळेलच असं नाही. खाल्ल्यानंतर पापण्या जड झाल्या, एकाची दोन दिसू लागली, बोलताना जीभ अडखळली किंवा गिळता येईना, तर घरगुती उपाय करत बसू नका. तडक रुग्णालयात या आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.