मुलकी, गैरमुलकी आणि स्वामी रामानंद तीर्थ

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत गुलबर्ग्याने, म्हणजे आजच्या कलबुर्गीने, लोकसभेवर ज्यांना पाठविले त्यांचा जन्म त्या जिल्ह्यातला नव्हता; निजामाच्या संस्थानातलाही नव्हता. मतदारसंघ कानडीबहुल, उमेदवाराचे आयुष्य गेले मराठी शाळांत आणि निजामाच्या तुरुंगांत, अंगावर संन्याशाची वस्त्रे. तरीही स्वामी रामानंद तीर्थ निवडून आले. ज्या मुलखात आपला कोण आणि परका कोण या प्रश्नावरून चार वर्षांपूर्वी माणसे मारली गेली होती, त्या मुलखाने हा कौल दिला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

मराठवाड्यात स्वामीजींचे नाव घरोघरी आहे. गोमंतकात ते तितके कानांवर पडत नाही. पण विजापूर, कलबुर्गी, बीदर या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेला माणूस आपल्याला रोज भेटतो, आणि त्याला उद्देशून वापरले जाणारे हिणकस शब्दही आपल्या कानांवर पडतात. मूळ गोमंतकीय कोण, याची व्याख्या कायद्यात घालावी, या मागणीवर उभा राहिलेला रिव्होल्युशनरी गोवन्स हा पक्ष २०२२ मध्ये विधानसभेची एक जागाही जिंकून गेला. हा माणूस ज्या प्रदेशातून येतो, तिथे हाच वाद एकेकाळी कसा पेटला होता, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. विजापूर तेव्हा मुंबई इलाख्यात होते, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानात. पलीकडचा गुलबर्गा जिल्हा निजामाचा. शिक्षणासाठी ते सोलापूरला आले. असहकाराची हाक आली तेव्हा त्यांनी सरकारी शाळा सोडली आणि अमळनेर व पुणे येथील राष्ट्रीय शिक्षणसंस्थांत अभ्यास पुरा केला. पुढे कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे सचिव म्हणून त्यांनी काही काळ काम केले. १९२९ मध्ये ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. गुलबर्गा आणि बीदर या दोन्ही जिल्ह्यांना लागून असलेल्या उस्मानाबाद जिल्ह्यातले हे खेडे. १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला, आणि १९३५ पासून अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा हे त्यांचे केंद्र बनले. संन्यास घेतलेल्या माणसाला गाव नसते, असे आपण म्हणतो. या संन्याशाला मात्र सरकार सतत त्याचे गाव विचारत राहिले.

याचे कारण हैदराबादच्या इतिहासात होते. पहिल्या सालारजंगाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारभार सुधारण्यासाठी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेले अधिकारी आणले. मोठ्या नोकऱ्या त्यांच्याकडे गेल्या. स्थानिकांचा संताप वाढत गेला, आणि त्यात हिंदू-मुसलमान असा भेद नव्हता. त्यातून मुलकी आणि गैरमुलकी हे दोन शब्द रूढ झाले. १९१९ च्या फर्मानाने संस्थानात जन्मलेला किंवा पंधरा वर्षे कायम वास्तव्य केलेला तो मुलकी ठरला. सरकारी नोकरी त्यालाच. १९३५ च्या सुमारास निजाम्स सब्जेक्ट्स लीग या संस्थेने याच भावनेवर हिंदू आणि मुसलमान सुशिक्षितांना एकत्र आणण्याचा यत्न केला. माझ्या मते संस्थानाच्या राजकारणातली ही एक हुकलेली संधी होती. भूमीच्या नात्याने माणसे जोडणारी ती कल्पना होती. संकुचित खरी, पण शेजाऱ्याला शेजारी मानणारी.

ती टिकली नाही. १९२७ मध्ये स्थापन झालेली मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन बहादुर यार जंग यांच्या नेतृत्वाखाली राजकीय पक्ष बनली. बहादुर यार जंग अमोघ वक्ते होते. त्यांनी मांडलेला सिद्धांत असा, की संस्थानचे सार्वभौमत्व निजामाच्या एकट्याच्या ठायी नसून ते प्रत्येक मुसलमानात वसते. निजाम हे त्याचे केवळ प्रतीक. एका फटक्यात टांगेवाला, शिपाई, चपराशी असा गरिबातला गरीब मुसलमान राज्यकर्ता ठरला. १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे संस्थानची लोकसंख्या दीड कोटीहून अधिक होती, आणि तीत मुसलमान शेकडा तेराच्या आसपास होते. आजच्या परिभाषेत ज्याला उजवा लोकानुनयी पक्ष म्हणतात, त्याची सारी लक्षणे इथे आहेत: एका जमातीलाच जनता मानणे, तिला सतत वेढ्यात असल्याची जाणीव देणे आणि उरलेल्यांना पाहुणे किंवा वैरी ठरविणे. या हिशेबात मुलकी शब्दाचा अर्थच उलटला. लखनौचा मुसलमान आपला झाला आणि भालकीचा लिंगायत शेतकरी परका.

स्वामीजींचा पहिला मोठा सामना १९३८ चा. हैदराबाद स्टेट काँग्रेसची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. संघटना जातीय आहे आणि ती बाहेरच्यांच्या इशाऱ्यावर चालते, हे आक्षेप. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. नेमक्या त्याच वेळी आर्य समाज व हिंदू महासभा यांनीही आपापले सत्याग्रह पुकारले. आर्य समाजाचा जोर उदगीर, भालकी, हुमनाबाद या पट्ट्यात मोठा होता. उदगीरचे भाई श्यामलाल त्याच वर्षी बीदरच्या तुरुंगात मरण पावले. पण या आंदोलनांत संस्थानाबाहेरून स्वयंसेवकांच्या तुकड्याच्या तुकड्या येऊ लागल्या, आणि सरकारच्या हाती आयते कोलीत मिळाले. स्टेट काँग्रेसने गांधीजींच्या सल्ल्याने डिसेंबरमध्ये आपला सत्याग्रह थांबविला. कार्यकर्ते चिडले. परंतु संस्थानच्या प्रजेचा लढा संस्थानच्या प्रजेने लढावा आणि त्याला धर्माचा रंग चढू देऊ नये, ही भूमिका सोडली असती तर मजलिसचा दावा खरा ठरला असता. माझ्या दृष्टीने स्वामीजींच्या राजकारणाची खरी परीक्षा इथे झाली, पुढच्या रणधुमाळीत नव्हे. १९४० मध्ये त्यांनी वैयक्तिक सत्याग्रह केला, पुन्हा तुरुंग. १९४२ मध्ये पुन्हा.

स्वामीजींभोवती जमलेल्या तरुणांकडे पाहिले तरी मुलकी-गैरमुलकीचा घोळ किती पोकळ होता ते दिसते. त्यांचे निकटचे सहकारी गोविंदभाई श्रॉफ गुजराती घराण्यातले, जन्म विजापूरचा, कर्मभूमी औरंगाबाद.

बहादुर यार जंग १९४४ मध्ये अकाली वारले. १९४६ मध्ये मजलिसची सूत्रे लातूरचे वकील कासिम रझवी यांच्याकडे आली आणि पक्षाच्या स्वयंसेवकांचे, रझाकारांचे, रूपांतर सशस्त्र दलात झाले. स्टेट काँग्रेसवरील बंदी त्याच वर्षी उठली. जून १९४७ मध्ये हैदराबादेत तिचे पहिले अधिवेशन स्वामीजींच्या अध्यक्षतेखाली भरले. १५ ऑगस्टला त्यांनी राजधानीत तिरंगा फडकविला आणि ते पुन्हा गजाआड गेले.

याच काळात सरहद्दीवरून माणसांचे दोन लोंढे वाहू लागले. मध्य प्रांत, मुंबई, मद्रास या भागांतून मुसलमान कुटुंबे दंगलींच्या धास्तीने निजामाच्या राज्यात येत होती. त्यांना वसवून संस्थानातले लोकसंख्येचे प्रमाण बदलण्याचा मजलिसचा बेत आहे, असा आरोप भारताच्या बाजूने होत होता. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना डोक्यावर छप्पर हवे होते. पक्षाला आकडा हवा होता. उलट दिशेने बीदर, गुलबर्गा, उस्मानाबादची हिंदू कुटुंबे रझाकारांच्या भीतीने सोलापूर-बार्शीकडे पळत होती. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातील गोरटा गावावर रझाकारांनी हल्ला करून मोठे हत्याकांड केले. त्याची आठवण त्या भागात आजही ताजी आहे. ऑगस्टमध्ये हैदराबादेत इमरोज पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. ते मुसलमान होते, आणि विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होते. जनता म्हणजे फक्त आपली जमात, असे मानणाऱ्यांना जमातीतला असा माणूस सर्वांत असह्य होतो.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय फौजांनी संस्थान ताब्यात घेतले आणि स्वामीजी सुटले. विजयाची ही कथा बहुधा इथे संपविली जाते. प्रामाणिकपणे सांगायचे तर ती इथे संपत नाही. पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर मुसलमानांची सर्रास कत्तल झाली. केंद्र सरकारने धाडलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे नोंदविले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. केवळ या चार जिल्ह्यांत अठरा हजारांहून कमी माणसे मेली नसावीत, असा तिचा अंदाज होता. तिचा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. बाहेरून आलेल्या मुसलमान निर्वासितांना त्यांच्या मूळ प्रांतांत परत धाडण्याचे धोरण नव्या प्रशासनाने आखले. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या अरब आणि पठाणांनाही देशाबाहेर काढण्यात आले. स्वामीजी आयुष्यभर धर्मापलीकडच्या प्रजेची भाषा बोलले. ज्या गावांत त्यांनी ती भाषा रुजविली, त्याच जिल्ह्यांत हे घडले. त्यांच्या चरित्रकारांनी या प्रकरणापाशी आणखी थांबायला हवे होते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

नंतरची चार वर्षे पुन्हा मुलकीचीच. निजामशाही गेली आणि मद्रास, मुंबईकडचे अधिकारी, कारकून, शिक्षक आले. नोकरीसाठी मुलकी असल्याचे खोटे दाखले मिळतात, अशा तक्रारी वाढल्या. १९५२ च्या उन्हाळ्यानंतर वरंगळात विद्यार्थी रस्त्यावर उतरले; गैरमुलक्यांनी चालते व्हावे, अशा घोषणा झाल्या; सप्टेंबरात हैदराबादेत गोळीबार होऊन काही जणांचा बळी गेला. यावेळी परका होता तो स्वातंत्र्यानंतर आलेला हिंदू, बहुधा तेलुगूच बोलणारा. लोकसभेत बसलेले गुलबर्ग्याचे खासदार मात्र संस्थानच राहू नये, या मताचे होते. तेलुगू, मराठी व कानडी मुलूख आपापल्या भाषक राज्यांत जावेत, ही त्यांची मागणी. १ नोव्हेंबर १९५६ ला तसे झाले. गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे पडले: उदगीर, निलंगा आणि अहमदपूर मुंबई राज्याला, जहीराबाद व नारायणखेडचा भाग आंध्राला, उरलेला म्हैसूरला. भालकी-औरादच्या मराठी घरांना ही वाटणी अजून रुचलेली नाही; भाषेची रेघ माणसांच्या घरांमधून सरळ जात नाही, हा धडा त्यांनी सोसून घेतला. स्वामीजींनी १९५७ ची निवडणूक औरंगाबादेतून लढविली आणि जिंकली. त्याच वर्षी शिक्षा भोगून सुटलेले कासिम रझवी पाकिस्तानात गेले. १९७० मध्ये कराचीत वारले.

२२ जानेवारी १९७२ रोजी स्वामीजींचे देहावसान हैदराबादेत झाले. समाधी बेगमपेठेत आहे, म्हणजे मराठी वा कानडी नव्हे, तेलुगू भूमीत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने निजामाचे मुलकी नियम वैध ठरविले. त्यावरून उसळलेल्या आंदोलनांनंतर आंध्रासाठी राज्यघटनेत ३७१ (ड) हा अनुच्छेद आला. त्याच धर्तीवरचा ३७१ (ज) बीदर, कलबुर्गी आणि शेजारच्या जिल्ह्यांना लागू करणारी घटनादुरुस्ती २०१२ मध्ये संमत झाली. शिक्षण आणि नोकरीतल्या राखीव जागेसाठी तिथल्या तरुणाला आता स्थानिक असल्याचा दाखला द्यावा लागतो. सिंदगी विजापूर जिल्ह्यात असल्यामुळे तिथे जन्मलेल्याला या दाखल्याचा हक्क जन्माने मिळत नाही.