कमला सोहोनी

कमला सोहोनी (माहेरच्या कमला भागवत, जन्म : इंदूर, १९११, मृत्यू : १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. कडधान्यांतील पोषक आणि बाधक प्रथिने वेगळी करणे हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य सूत्र होते.

शिक्षण

त्यांचे वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते, तर लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी मिळवून त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्या स्त्री असल्याच्या कारणावरून तो नाकारला. कमलाबाईंनी नकार मानला नाही. अखेर एका वर्षाच्या परीक्षाकाळासह काही अटींवर त्यांना प्रवेश मिळाला. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम करून १९३६ साली त्या एम.एस्सी. झाल्या. त्यांच्या यशानंतर संस्थेची दारे इतर विद्यार्थिनींनाही खुली झाली.

पुढे केंब्रिज विद्यापीठात त्यांनी बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे श्वसनक्रियेतील प्रथिन असल्याचे दाखवले. या प्रबंधावर त्यांना १९३९ साली पीएच.डी. मिळाली.

संशोधन

भारतात परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय व कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे त्यांनी काम केले. १९४७ साली विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांसह कडधान्यांतील, ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणाऱ्या घटकांचा अभ्यास केला.

वालाच्या दाण्यांत तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या करणारे प्रथिन असते. ते वेगळे करून शुद्ध करण्याचे व उंदरांच्या वाढीवरील त्याचा परिणाम तपासण्याचे काम त्यांच्या गटाने १९६५ साली प्रसिद्ध केले. अशा प्रथिनांना लेक्टिन म्हणतात. ती विशिष्ट शर्करेला चिकटतात. रक्तपेशींवरील शर्करा एकमेकींशी जोडल्या गेल्याने गुठळी होते. कडधान्य नीट शिजवल्यास बहुतेक लेक्टिने निष्प्रभ होतात.

आहारात बाधक ठरणारा हाच गुण पुढे प्रयोगशाळेत उपयोगी पडला. अबईच्या जवळच्या एका जातीच्या बियांतील कॉनकॅनॅव्हॅलिन ए हे लेक्टिन अ‍ॅगारोजच्या सूक्ष्म मण्यांवर पक्के बसवून ते मणी नळीत भरतात. वरून मिश्रण ओतल्यावर योग्य शर्करा असलेली विकरे व ग्लायकोप्रोटिने मण्यांना धरून राहतात आणि बाकीचे वाहून जाते. नंतर लेक्टिनला चिकटणारी साधी शर्करा नळीतून सोडली की अडकलेली प्रथिने सुटून शुद्ध रूपात हाती येतात. ही पद्धत १९७० नंतर जगभर रूढ झाली.

डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेच्या पोषणमूल्यांचाही अभ्यास केला. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींकडून गौरवण्यात आले.

उत्तरायुष्य

त्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालकपदावरून निवृत्त झाल्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांच्या सन्मानार्थ योजलेल्या समारंभात त्या कोसळल्या व त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.