समभावाचे शिक्षक : साने गुरुजी

शाळकरी मुलांच्या कोवळ्या मनावर समभावाचा संस्कार कसा करावा, हा प्रश्न प्रत्येक पिढीतील पालकांसमोर व शिक्षकांसमोर उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी उपदेशापेक्षा आचरणातून दिले, त्या पांडुरंग सदाशिव साने तथा साने गुरुजी यांच्या जीवनातील एक अविस्मरणीय पर्व नाशिक नगरीत घडले.

२४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे गुरुजींचा जन्म झाला. सोवळ्याओवळ्याचा पगडा असलेल्या त्या काळात माणुसकीचे पहिले धडे त्यांना मातोश्री यशोदाबाई यांच्याकडून मिळाले. १९१७ साली मातेचे छत्र हरपले. संस्कार मात्र आयुष्यभर सोबत राहिले.

१९२४ साली गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढे छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांची अंथरुणे आवरणे, खोल्या झाडणे, आजारी मुलाच्या उशाशी रात्र जागवणे ही कामे ते स्वतः करीत. कोणतेही काम हलके नाही व कोणताही माणूस परका नाही, हे मुले त्यांच्याकडे पाहूनच शिकत.

१९३० साली नोकरीचा त्याग करून ते सत्याग्रहात उतरले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात निरनिराळ्या प्रांतांचे सत्याग्रही एकत्र होते. एकाच देशाची लेकरे असूनही परस्परांच्या भाषा आपल्याला अवगत नाहीत, याची तीव्र खंत तेथे त्यांना वाटली. ते तमिळ शिकले आणि तिरुवल्लुवरांचा कुरल त्यांनी मराठीत आणला.

त्यानंतर नाशिकच्या कारागृहात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या अवघ्या पाच दिवसांत गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्यातील एक प्रसंग आजही अंतःकरणाला भिडतो. अस्पृश्य मानलेल्या वृद्धेची मोळी खाली पडते. विटाळाच्या भयाने कोणी पुढे होत नाही. अशा वेळी आई श्यामला ती मोळी उचलून देण्यास सांगते. समतेवरील व्याख्यान ऐकण्याऐवजी श्याम मोळीला हात लावतो, आणि हा धडा त्याच्या मनावर कायमचा कोरला जातो.

मुलांना सांगितलेली गोष्ट गुरुजींनी स्वतःच्या प्राणांचे मोल देऊन जगण्याची तयारी ठेवली. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला व १ मे १९४७ पासून प्राणांतिक उपोषण आरंभिले. दहा दिवसांनी मंदिरप्रवेशाचा मार्ग मोकळा झाला. १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा व संस्कृती प्रेमाने जाणून घ्यावी, ही त्यामागील तळमळ होती. इस्लामी संस्कृतीची ओळख मराठी वाचकांना व्हावी म्हणूनही त्यांनी लेखणी झिजविली. ११ जून १९५० रोजी ही जीवनज्योत मालवली.

दुसऱ्याच्या म्हणण्यातही सत्याचा अंश असू शकतो, ही अनेकांताची शिकवण जैन समाजास परंपरेने लाभली आहे. मुले ती पाठ करतात. परंतु शिकतात ती घरातील मोठ्यांच्या वर्तनातून. शेजारच्या निराळ्या धर्माच्या, जातीच्या वा भाषेच्या मुलाला आपण दारात कसे बोलावतो, हे त्यांचे डोळे टिपत असतात. मोळी उचलून देण्यास सांगणारी आई प्रत्येक घरात असावी, हाच गुरुजींच्या जीवनाचा संदेश होय.