प्लेगच्या सुट्टीतला न्यूटन

इसवी सन १६६५ चा उन्हाळा. लंडन शहरात प्लेगने थैमान घातले होते. त्या एका वर्षात लंडनमध्ये प्लेगने दगावलेल्यांची अधिकृत नोंद ६८ हजारांहून अधिक आहे. प्रत्यक्षातील आकडा लाखाच्या घरात असावा, असे इतिहासकार मानतात. रोग कशाने पसरतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. प्लेगचा जंतू सापडायला १८९४ साल उजाडावे लागले आणि त्यावरील लस डॉ. हाफकिन यांनी आपल्या मुंबईत तयार केली ती १८९७ मध्ये. सतराव्या शतकातील माणसाच्या हाती एकच उपाय होता, तो म्हणजे गर्दीचे ठिकाण सोडून दूर जाणे. ऑगस्टमध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजनेही विद्यार्थ्यांना गावी धाडले. घरी परतणाऱ्यांत २२ वर्षांचा, नुकताच पदवीधर झालेला एक अबोल तरुण होता. त्याचे नाव आयझॅक न्यूटन.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे महाराष्ट्रातील महाविद्यालये एकाएकी बंद झाली, तेव्हा याच तरुणाची गोष्ट मोबाइलवरून घरोघर पोहोचली. सुट्टीत न्यूटनने गुरुत्वाकर्षण शोधले, तुम्ही काय करणार, असा तिचा सूर होता. वसतिगृहाची खोली घाईघाईने रिकामी करून आलेल्या, एका मोबाइलवर दोन भावंडांचे तास सांभाळणाऱ्या आणि अंतिम वर्षाची परीक्षा होणार की नाही, याचा निकाल ऑगस्टअखेर सर्वोच्च न्यायालयाकडून ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला त्या गोष्टीने धीर येण्याऐवजी दडपणच आले असेल. न्यूटनचे चरित्र नीट पाहिले, तर मात्र ते काही वेगळेच सांगते.

न्यूटनच्या शिक्षणात पडलेला हा पहिला खंड नव्हता. लिंकनशायरमधील वूल्सथॉर्प या खेड्यात, १६४२ च्या नाताळच्या दिवशी (तेव्हाच्या इंग्रजी दिनदर्शिकेनुसार) त्याचा जन्म झाला, तो वडिलांच्या मृत्यूनंतर. तो तीन वर्षांचा असताना आईने दुसरे लग्न केले आणि मुलाला आजीपाशी ठेवून ती पतीच्या घरी गेली. सावत्र वडील वारल्यावर ती परतली. पुढे ग्रँथमच्या शाळेत मुलगा रमू लागला, तोच शेती सांभाळण्यासाठी तिने त्याला शाळेतून काढून घरी आणले. शेतीत त्याचे चित्त नव्हते. मेंढ्या भलतीकडे गेल्या म्हणून त्याला दंडही झाल्याची नोंद आहे. अखेर मामा आणि शाळेचे मुख्याध्यापक यांनी आईचे मन वळवले आणि जून १६६१ मध्ये न्यूटन ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. तोही श्रीमंतांच्या मुलांप्रमाणे नव्हे, तर शिक्षणाच्या बदल्यात वरिष्ठांची किरकोळ कामे करणारा विद्यार्थी म्हणून.

तेव्हा केंब्रिजमध्ये ॲरिस्टॉटलचीच शिकवण चाले. न्यूटनने ती वाचली. पण १६६४ च्या सुमारास आपल्या वहीत त्याने स्वतःच्या प्रश्नांची यादी सुरू केली. प्रकाश म्हणजे काय, रंग कसे उत्पन्न होतात, वस्तू खाली का येते, गती म्हणजे काय, अशी सुमारे ४५ शीर्षके त्याने मांडली. काही शीर्षकांखाली भरभरून लिहिले, काहींखाली पान कोरेच राहिले. गणिताचे तसे शिक्षण त्याला कोणी दिले नव्हते. देकार्त आणि वॉलिस यांचे ग्रंथ तो एकट्याने, अडखळत, पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करीत वाचत गेला. द्विपद प्रमेयाची वाट त्याला सापडली ती १६६४-६५ च्या हिवाळ्यात, म्हणजे कॉलेज बंद होण्यापूर्वी.

कॉलेजची दारे बंद झाली, तेव्हा व्याख्याने आणि ग्रंथालय मागे राहिले; प्रश्न मात्र वहीतून गावी आले. सावत्र वडिलांची एक जाडजूड वही त्याच्याकडे होती. त्यांनी तिची थोडीच पाने वापरली होती. कागद महाग असलेल्या त्या काळात उरलेली कोरी पाने न्यूटनला मोठीच मिळकत ठरली. त्यांवर गणिते आणि गतीचे नियम यांची टाचणे वाढत गेली. जवळच्या बूथबी येथे मुक्काम असताना त्याने अपास्ताखालील क्षेत्रफळ तब्बल ५२ अंकांपर्यंत काढले. एवढ्या अचूकतेची कोणाला गरज नव्हती. नवी पद्धत हाती आल्याचा हा निखळ आनंद होता.

हा मुक्काम सलगही नव्हता. साथ ओसरल्यासारखी वाटली म्हणून मार्च १६६६ मध्ये तो केंब्रिजला परतला, आणि साथ उलटल्याने जूनमध्ये पुन्हा गावी आला. कॉलेज पुन्हा कधी सुरळीत होईल, हे सांगणे कठीण होते. अशा अनिश्चिततेतच ऑक्टोबर १६६६ मध्ये त्याने आपल्या नव्या गणिताचे सूत्रबद्ध टिपण लिहिले. ज्याला आज कॅल्क्युलस म्हणतात, त्याचा पाया त्यात होता.

सफरचंदाची कथा न्यूटनने उतारवयात स्वतःच मित्रांना सांगितली. फळ डोक्यावर पडल्याचा तपशील नंतरच्यांनी जोडला. फळाला खाली खेचणारे बल चंद्रापर्यंत पोहोचत असेल काय, हा खरा प्रश्न होता. त्याने हिशेब मांडून पाहिला. मात्र पृथ्वीच्या आकारमानाचा हाताशी असलेला आकडा सदोष असल्याने उत्तर जवळपास जुळले, तंतोतंत नाही. मग तो विषय त्याने बाजूला ठेवला. गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत सुट्टीत पूर्ण झाला, हे म्हणूनच खरे नाही. एडमंड हॅली १६८४ मध्ये त्याला भेटला आणि ग्रहांच्या कक्षांविषयी त्याने प्रश्न केला, त्यानंतर त्या विचाराला पूर्ण रूप येऊ लागले. ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला १६८७ मध्ये. गावातील त्या हिशेबापासून मोजले, तर सुमारे वीस वर्षांनी. प्रकाशाविषयीच्या संशोधनावरील ‘ऑप्टिक्स’ तर १७०४ मध्ये निघाला.

न्यूटनला काही गोष्टी अनुकूल होत्या, हेही विसरता येत नाही. हक्काचे घर होते, शेतीचे उत्पन्न होते. साथीच्या काळात कॉलेज शिष्यवृत्तीधारकांना जेवणखाणाचा भत्ता देत होते. पोटासाठी त्याला काम शोधावे लागले नाही. ज्यांना तसे करावे लागले, त्या त्याच्या सहाध्यायांच्या वह्या इतिहासाने जपलेल्या नाहीत.

एप्रिल १६६७ मध्ये न्यूटन केंब्रिजला परतला, तो कोणी नामवंत म्हणून नव्हे. सुट्टीत काय केले, हे जवळजवळ कोणालाच माहीत नव्हते. त्याच्यापुढे फेलोच्या जागेची निवड होती. साथीमुळे ती खोळंबली होती आणि जागा मोजक्या होत्या. निवड झाली नसती, तर कायमचे वूल्सथॉर्पला परतण्याची वेळ आली असती. तोंडी परीक्षा झाली आणि ऑक्टोबरमध्ये त्याची निवड झाली. दोनच वर्षांत, १६६९ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी तो केंब्रिजमध्ये गणिताचा ल्यूकेशियन प्राध्यापक झाला. पुढे टांकसाळीचा कारभार, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद, १७०५ मध्ये सर ही पदवी, असे मान मिळत गेले. मार्च १७२७ मध्ये त्याचे निधन झाले आणि वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याला चिरविश्रांती देण्यात आली.

ऑक्टोबर १६६६ चे ते टिपण मात्र त्याच्या हयातीत छापले गेले नाही. काम हातचे राखून ठेवण्याच्या या स्वभावाची किंमत त्याला मोजावी लागली. जर्मन गणिती लायब्निट्झने १६८४ मध्ये स्वतंत्रपणे शोधलेले कॅल्क्युलस प्रसिद्ध केले आणि श्रेय कोणाचे, हा कटू वाद पुढे अनेक वर्षे चालला.

शिक्षण अर्ध्यावर थांबलेल्या विद्यार्थ्याने या चरित्राकडून सुट्टीत जग बदलण्याची सक्ती घेण्याचे कारण नाही. खंड पडण्यापूर्वी लिहून ठेवलेले प्रश्न खंडातही आपलेच राहतात, न जुळलेला हिशेब बाजूला ठेवता येतो आणि वर्षांनी पुन्हा हाती घेता येतो, एवढे त्यातून निश्चित दिसते. सावत्र वडिलांची ती जाडजूड वही आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे.