चोरांच्या बातमीत सापडलेला धंदा

चार जण कट्ट्यावर जमले की हल्ली एक विषय निघतोच. काहीतरी स्वतःचं सुरू करायला हवं! मग कुणी मोमोजची गाडी म्हणतं, कुणी प्रिंटेड टी-शर्ट, कुणी क्लाउड किचन. चहा संपतो, आयडियाही संपते. भांडवल नाही, अनुभव नाही ही कारणं नंतरची. पहिलं घोडं अडतं ते नेमकं करायचं काय, इथेच. तुमचंही तसंच होत असेल तर जरा सव्वाशे वर्षं मागे चला. मुंबईतल्या एका पारशी तरुणाला भेटू. त्याला धंदा सुचला होता, पण तो चालला नव्हता आणि डोक्यावर मात्र कर्ज होतं.

या तरुणाचं आडनाव बहुतेक तुमच्या घरात आहे. आजीच्या खोलीतलं लोखंडी कपाट आठवा. ते कुठल्याही कंपनीचं असो, आजी त्याला ‘गोदरेज’च म्हणते. त्या गोदरेजचे संस्थापक म्हणजे अर्देशीर बर्जोरजी गोदरेज. जन्म मुंबईचा, १८६८ चा. वडिलांचा जमीनजुमल्याचा व्यवसाय, घर खाऊनपिऊन सुखी. मुलगा शिकून वकील झाला. मधल्या काळात त्यांच्यावर मोठा आघात झाला. लग्नाला फार दिवस झाले नव्हते आणि १८९१ मध्ये त्यांची तरुण पत्नी बचूबाई राजाबाई टॉवरवरून पडून गेली. त्या प्रकरणाचा खटला मुंबईत खूप गाजला. अर्देशीर यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

१८९४ मध्ये एका पेढीनं त्यांना खटला लढवायला थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या झांजिबारला पाठवलं. सुरुवात छान झाली. पण पुढे अशी वेळ आली की अशिलाच्या बाजूनं कोर्टात एक गोष्ट ठासून सांगायची होती आणि ती खरी आहे याची खुद्द अर्देशीर यांनाच खात्री नव्हती. त्यांनी सांगायला नकार दिला. समजावणाऱ्यांनी समजावून पाहिलं, गडी हलला नाही. शेवटी बोटीत बसून परत मुंबई आणि वकिलीला कायमचा रामराम.

आता विचार करा. वय सव्वीस-सत्तावीस. हातात पदवी आहे, पण ती वापरायची नाही असं स्वतःच ठरवलेलं. अशा वेळी आपल्याकडे सल्ला देणाऱ्यांची काय रांग लागते, ते तुम्हाला सांगायला नको. अर्देशीर यांनी मोठी झेप वगैरे घेतली नाही. ते एका औषधविक्रेत्याकडे मदतनीस म्हणून कामाला लागले. वकील माणूस दुकानात कामाला! पण त्यांची पहिली आयडिया तिथेच जन्मली. औषधांच्या दुनियेत वावरताना त्यांचं लक्ष गेलं शस्त्रक्रियेच्या हत्यारांकडे. धारदार चाकू, चिमटे, कात्र्या, सगळा माल विलायतेहून यायचा. हे इथे का होऊ नये?

भांडवलासाठी ते मेरवानजी कामा या वडिलांच्या मित्राकडे गेले आणि तीन हजार रुपये उसने मागितले. मेरवानजींना नवल वाटलं. स्वतःचे वडील असताना परक्याकडे कशाला? अर्देशीर यांचं म्हणणं असं की वडील पैसे देतील, पण बक्षीस म्हणून देतील आणि त्यांना हवं होतं कर्ज, फेडायचं कर्ज. मला हा तपशील फार आवडतो. घरचे पैसे बुडाले तर घरचे सांभाळून घेतात. बाहेरच्याचे बुडाले तर तोंड दाखवायची चोरी होते. ती टोचणी त्यांनी स्वतःहून मागून घेतली.

हत्यारं तयार झाली, चांगलीही झाली. शस्त्रक्रियेची हत्यारं विकणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीच्या मालकाला नमुने पसंत पडले. म्हणजे सौदा जवळजवळ झालाच! आणि तिथेच माशी शिंकली. मालक म्हणाला, यावर इंग्लंडचा शिक्का मारायचा. अर्देशीर म्हणाले, माल हिंदुस्थानात झालाय, शिक्काही हिंदुस्थानचाच. मालकाचं व्यावहारिक उत्तर होतं की मग हा माल कुणी घेणार नाही. दोघंही हटले नाहीत आणि सौदा फिसकटला. धंदा तिथेच बसला.

तुम्ही असता तर? प्रामाणिकपणे सांगा. एक शिक्का तर होता. आधी पाय रोवू, नाव मग लावू, असं म्हणणारे निम्म्याहून जास्त निघतील आणि त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. पण या माणसाचा खाक्याच वेगळा होता. झांजिबारच्या कोर्टात जे बोलायला तो तयार नव्हता, तेच मुंबईत पोलादावर कोरायला कसा तयार होईल?

आता खरी गोष्ट सुरू होते. धंदा बुडालाय, कर्ज तसंच आहे. त्या दिवसांत एकदा वर्तमानपत्र वाचताना अर्देशीर यांची नजर एका बातमीवर थांबली. मुंबईत घरफोड्या वाढल्या होत्या. लोकांनी आपापली घरं नीट सुरक्षित ठेवावीत, असं पोलीस आयुक्तांचं म्हणणं होतं. बस्स, एवढंच. ही बातमी त्या दिवशी हजारो लोकांनी वाचली असणार. बहुतेकांनी चुकचुक केली असेल, काहींनी पोलिसांना नावं ठेवली असतील, थोड्यांनी रात्री कडी दोनदा तपासली असेल. अर्देशीर यांच्या मनात प्रश्न आला तो कुलपाचा. लोकांनी घरं सुरक्षित ठेवायची, पण कशानं? बाजारात मिळणारी बहुतेक कुलपं हातानं घडवलेली. सराईत चोराला ती उघडायला फार वेळ लागत नसे.

त्या काळातली मुंबई डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या प्रश्नाचं वजन कळेल. १८९६ च्या अखेरीस शहरात प्लेग शिरला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून कोकणात, घाटावर, गुजरातेत, जिथे गाव असेल तिथे पळाली. मागे उरली बंद घरं आणि दारावर लोंबणारी कुलपं.

आणि मुख्य म्हणजे या प्रश्नाचं उत्तर द्यायची तयारी अर्देशीर यांची आपसूक झाली होती. शस्त्रक्रियेचं हत्यार बनवताना काय लागतं? चांगलं पोलाद, केसाइतकी अचूक मापं, एकमेकांत चपखल बसणारे भाग. कुलपालाही तेच लागतं. बुडालेल्या धंद्यात पैसे गेले, पण ती अचूकता हाताशी राहिली. आयडिया ‘सुचली’ असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा असंच काहीतरी घडलेलं असतं. लोकांची अडचण आणि आपल्याला येणारं काम एकाच जागी येऊन भिडतात. वर्तमानपत्र त्याआधीही रोज घरी येत होतंच की!

तरी पुढचं पाऊल अवघड होतं. पुन्हा मेरवानजींच्या दारात जायचं. पहिले पैसे फेडलेले नाहीत आणि दुसऱ्यांदा मागायचे, तेही एका वकिलानं, कुलपं करायला! अर्देशीर गेले. आपल्या समाजात आधी कुणी कुलपांचा धंदा केलाय का, असं मेरवानजींनी विचारलं. पहिला असेन की नाही ठाऊक नाही, पण सगळ्यात चांगला नक्की होईन, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. मेरवानजींनी पैसे दिले. या गोष्टीत मला अर्देशीर यांच्याइतकाच हा म्हाताराही मोठा वाटतो. एकदा आपटलेल्या पोरावर दुसऱ्यांदा पैसे लावायला जिगर लागते.

७ मे १८९७ या दिवशी लालबागमध्ये, गॅस कंपनीच्या शेजारी, कारखाना सुरू झाला. कारखाना हा शब्द ऐकून भव्य काही डोळ्यांपुढे आणू नका. सुमारे २१५ चौरस फुटांची शेड होती ती. लालबाग-परळच्या चाळीतल्या खोलीपेक्षा थोडी मोठी म्हणा. त्यात इंग्लंडहून मागवलेलं वाफेवरचं यंत्र आणि गुजरात, मलबारकडून आलेले डझनभर कारागीर. पहिली कुलपं ‘अँकर’ नावानं बाजारात आली. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागणार नाही, ही हमी सोबत होती. आज ही गोष्ट साधी वाटते. तेव्हा गिऱ्हाइकाला नेमकी हीच धास्ती असायची, की शेजाऱ्याची किल्ली आपल्या दाराला लागली तर?

थोडं कुलपाच्या पोटात डोकावू. लिव्हरच्या कुलपात आत पातळ पट्ट्या असतात. बरोबर किल्ली फिरली की प्रत्येक पट्टी आपापल्या ठरलेल्या उंचीवर उचलली जाते, सगळ्या खाचा एका रेषेत येतात आणि दांडा मागे सरकतो. एकही पट्टी जरा वर-खाली राहिली की दांडा अडतो. पट्ट्या जागेवर परत याव्यात म्हणून मागे बारीक स्प्रिंग असतात. गोम तिथेच होती. स्प्रिंग गंजते, थकते, मोडते आणि मग मालकच स्वतःच्या दाराबाहेर उभा राहतो. अर्देशीर यांनी बिनस्प्रिंगचं कुलूप तयार केलं, त्याचं पेटंट घेतलं. ‘गॉर्डियन’ नावाच्या त्यांच्या कुलपाला दोन किल्ल्या असत. दुसरी किल्ली लावून आतली रचनाच बदलता यायची, मग आधीची किल्ली निकामी. म्हणजे नोकरी सोडून गेलेल्या कारकुनानं किल्लीचा ठसा घेऊन ठेवला असेल तरी त्याचा काही उपयोग नाही. पासवर्ड बदलणं म्हणजे तरी दुसरं काय?

एकदा कुलपाचा विचार सुरू झाला की पुढचा प्रश्न येतोच. दार मजबूत केलं, पण चोर आत आलाच तर? १९०२ मध्ये गोदरेजची तिजोरी बाजारात आली. तिला चोर आणि आग अशा दोन शत्रूंशी लढायचं होतं. लाकडी माळे आणि कापसाच्या वखारींच्या मुंबईत आगीचं भय चोरापेक्षा कमी नव्हतं. नुसतं जाड पोलाद वापरून भागत नाही. पोलाद तापतं आणि आतल्या कागदांचा कोळसा होतो. म्हणून दोन थरांमध्ये उष्णता अडवणारा भराव हवा. चोरासाठी नाजूक जागा म्हणजे सांधे, तेव्हा सांधे जितके कमी तितकं बरं.

मेरवानजींच्या नात्यातल्या बॉइस नावाच्या तरुणाला अर्देशीर यांनी भागीदार म्हणून घेतलं. कंपनीचं नाव झालं ‘गोदरेज अँड बॉइस’. बॉइस थोड्याच दिवसांत बाहेर पडला. नाव मात्र तसंच ठेवलं गेलं. त्यामुळे आजही कितीतरी जणांना वाटतं, हा बॉइस कुणी बडा इंग्रज साहेब असावा. पुढे धाकटा भाऊ पिरोजशा सोबतीला आला आणि कारखान्याचा डोलारा त्यानं उचलला. अर्देशीर यांच्या डोक्यात नवं काही शिजायला मोकळी जागा झाली, असंच म्हणावं लागेल.

कारण त्यानंतर आला साबण. कुठे कुलूप, कुठे साबण! पण धागा तोच होता. त्या काळी आंघोळीचे साबण बहुतेक जनावरांच्या चरबीपासून होत. गाय म्हटलं की हिंदूंची अडचण, डुक्कर म्हटलं की मुसलमानांची. चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ मध्ये काय झालं, ते ज्या देशाला ठाऊक, त्या देशातले लोक मुकाट्यानं चरबीची वडी अंगाला फासत होते, नाहीतर साबणापासूनच लांब राहत होते. १९१८ मध्ये अर्देशीर यांनी वनस्पती तेलांपासून ‘चावी’ छापाचा धुण्याचा साबण काढला. किल्लीवाल्यानं साबणालाही किल्लीचंच नाव दिलं. मग आंघोळीचा साबण आला आणि त्याचं नाव होतं ‘नंबर २’! ‘नंबर १’ नंतर आला. यामागचा हिशेब मजेशीर आहे. दोन नंबरचा इतका चांगला, तर एक नंबरचा कसा असेल, असं गिऱ्हाइकानं आपणहून म्हणावं. जाहिरातीत पुढे चक्क रवींद्रनाथ टागोर झळकले.

स्वदेशीचा तो काळ. अर्देशीर कट्टर स्वदेशीवाले होते. टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपये दिले. पण केवळ देशी आहे म्हणून कमअस्सल माल लोकांच्या गळ्यात मारायचा, हे त्यांना मान्य नव्हतं आणि तसं ते उघड सांगत. एका शिक्क्यापायी आपला पहिला धंदा बुडवलेला माणूस शिक्क्याच्या जिवावर माल खपवायला नाही म्हणत होता. ही विसंगती वाटत असेल, तर झांजिबारचा परिच्छेद पुन्हा एकदा वाचा.

१९२८ मध्ये त्यांनी सगळा कारभार पिरोजशांच्या हाती दिला आणि साठाव्या वर्षी नाशिकला जाऊन शेती सुरू केली. पुन्हा नवं काम, पुन्हा शून्यापासून. तिथेच जानेवारी १९३६ मध्ये ते गेले.

आठ वर्षांनी, १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्यानं भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. आजूबाजूचा सगळा परिसर आगीनं खाऊन टाकला. त्यातून गोदरेजच्या तिजोऱ्या वाचल्या, आतला ऐवज शाबूत.